दंतकथा पुरे, दाम द्या

बांधकामाच्या धंद्यात दंतकथांना तोटा नाही. सिमेंटची पन्नास किलोची दोन पोती एकदम पाठीवर घेऊन चार मजले चढणारा बिगारी, ओळंबा न लावता भिंतीचा बाक नजरेने सांगणारा गवंडी, उंच परांचीवर पट्ट्याशिवाय वावरणारा सेंट्रिंगवाला; ठेकेदारांच्या आणि निवृत्त अभियंत्यांच्या आठवणी अशा वल्लींनी भरलेल्या असतात. या कौतुकाचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे.

दोन पोत्यांच्या पराक्रमाचा अर्थशास्त्रीय अर्थ सरळ आहे. एका मजुरीत दोघांचे काम झाले. दुसरी मजुरी ठेकेदाराच्या खिशात राहिली. पट्ट्याशिवायच्या धाडसात पट्ट्याचा खर्च वाचला. ज्याला अचाट म्हटले जाते, ते पुष्कळदा निव्वळ स्वस्त असते.

असामान्य कारागिराचे मोल राज्यकर्त्यांना कळत नाही, असे नव्हे. भाक्रा धरणाच्या बांधणीसाठी हार्वे स्लोकम या अमेरिकन तज्ज्ञाला पाचारण करण्यात आले. त्याच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. उमेदवारी मजुरीपासून झाली होती. १९६१ साली तो वारला आणि १९६३ साली २२६ मीटर उंचीचे ते धरण राष्ट्राला अर्पण झाले. त्याच्याही दंतकथा झाल्या. पण त्यांच्याबरोबर त्याला अधिकार आणि वेतनही मिळाले. येथील गवंड्याच्या वाट्याला नुसत्या कथा येतात.

१९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्रीय कायदा झाला, बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर बसला. महाराष्ट्राचे नियम निघायला २००७ साल उजाडले. उपकराचे हजारो कोटी रुपये कामगारांपर्यंत न पोचल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सरकारांना खडसावले. नोंदणीसाठी अट घातली गेली ती वर्षात ९० दिवस काम केल्याची. नाक्यावर रोज नवा मालक शोधणाऱ्याने तो दाखला आणावा कोठून? ज्या बिगाऱ्याची गोष्ट ठेकेदार तीस वर्षे रंगवून सांगतो, त्याच्या ९० दिवसांवर सही करताना मात्र त्याची स्मृती दगा देते!

कोणी म्हणेल, कामगारालाही आपल्या पराक्रमाचा अभिमान असतो. असतोच, आणि तो रास्त आहे. ती त्याची पुंजी आहे; म्हणूनच ती दुसऱ्यांच्या मैफलीत फुकट उधळली जाता कामा नये. कार्यकर्त्यांनी नाक्यावर जाऊन या गोष्टी जरूर ऐकाव्यात. मात्र उठण्यापूर्वी सांगणाऱ्याचा नोंदणीचा अर्ज भरून घ्यावा.