‘गणपतीपर्यंत होईल’ म्हणणारे अध्यक्ष आणि रिकामी होत जाणारी बैठक; महाड-पोलादपूरच्या मंडळांनी आशा टिकवायची कशी?

महाड : एप्रिल-मे महिन्यात आपल्या दोन तालुक्यांतल्या कुठल्याही वाडीच्या मंडळाची बैठक बघा. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, देवळासमोर सतरंजी अंथरलेली असते आणि विषय गेल्या वर्षीचेच असतात. पाणी, रस्ता, दरड, पुनर्वसन. कोणीतरी मागून विचारतं, "अध्यक्ष, आपल्या कामाचं काय झालं?" अध्यक्ष म्हणतात, "होईल, गणपतीपर्यंत होईल."

गणपती येतात आणि जातात. मग शिमग्याचा वायदा होतो. दोन-तीन वर्षांत बैठकीला निम्मीच माणसं उरतात, वर्गणी थकते आणि शेवटी अध्यक्षच म्हणतात, "मला यातून मोकळं करा."

हे अध्यक्ष काही खोटारडे नसतात. लोकांना आशा दिली नाही तर ते पांगतील, ही त्यांची भीती असते. पण जी आशा तारखेवर टांगलेली असते, ती तारीख टळली की तुटते. गावचं मंडळ असो, बचत गट असो की नोंदणीकृत संस्था, पुढाऱ्यापुढचा खरा प्रश्न हाच आहे. लोकांना खोटं न सांगता उभं कसं ठेवायचं?

जेम्स स्टॉकडेल हा अमेरिकेचा नौदल अधिकारी व्हिएतनाममध्ये सात वर्षांहून जास्त काळ कैदेत होता. कैदेत कोण टिकलं नाही, असं त्याला पुढे विचारलं. तो म्हणाला, आशावादी लोक. नाताळला सुटू, मग ईस्टरला सुटू, असं ते म्हणत राहिले आणि प्रत्येक तारीख टळली की आतून मोडत गेले. आपण शेवटी सुटणार, हा विश्वास स्टॉकडेलने सोडला नाही, पण सुटकेची तारीखही धरली नाही.

महाडचं उदाहरण घरातलंच आहे

हे समजायला व्हिएतनामला जायची गरज नाही. चवदार तळं आपल्या महाडातच आहे. २० मार्च १९२७ हा दिवस सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आधी आणि नंतर किती वर्षं गेली, ते मात्र फारसं बोललं जात नाही.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं, पण तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं. शासन निर्णय निघाला आणि वाडीत काहीच आलं नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. म्हणजे मोठ्या विजयानंतर पाचच महिन्यांत कागदावरचा हक्कही गेला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. हजारो माणसं तयारीने आली. सभेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. तेवढ्यात काही मंडळींनी ‘तळं खाजगी आहे’ असा दावा लावला आणि कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. लोक पेटलेले होते. बाबासाहेबांना "चला तळ्यावर" म्हणता आलं असतं आणि टाळ्याही मिळाल्या असत्या.

त्यांनी तसं केलं नाही. कोर्टाचा मनाई हुकूम आहे, आत्ता तो मोडला तर काय होईल आणि न मोडता काय करता येईल, हे त्यांनी लोकांसमोर मांडलं. सत्याग्रह पुढे ढकलला. पण लोकांना रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं आणि नंतर तळ्याभोवती मिरवणूक निघाली. तळ्यात उतरायचं नाही, पण तळ्यावरचा हक्क सोडलेला नाही, हे सगळ्या महाडने पाहिलं.

मग सुरू झालं कंटाळवाणं काम. तारखा, पुरावे, साक्षी, अपील. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला, म्हणजे पहिल्या सत्याग्रहानंतर जवळजवळ १० वर्षांनी.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घ्या. बाबासाहेब एकटे नव्हते. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे अशी माणसं जमवाजमव करत होती. एकाच माणसाच्या खांद्यावरचं काम दहा वर्षं चालत नाही.

दासगाव ते तळीये

डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबईहून जलमार्गाने आले ते दासगावच्या बंदरात उतरले. त्याच दासगाववर जुलै २००५ मध्ये दरड आली. दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांत मिळून दोनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर अनेक कुटुंबांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काढली. २२ जुलै २०२१ ला तळीये गेलं, ऐंशीहून जास्त जीव गेले. त्याच पावसात पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. तळीयेची माणसं कंटेनरच्या घरात राहिली, पक्क्या घरांचं काम म्हाडाकडे गेलं आणि वाट बघणं सुरू झालं.

दुसरीकडे, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला आणि नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे ठरवलं तर यंत्रणा वेगाने काम करते. पण तो पूल मुंबई-गोवा महामार्गावरचा होता, साऱ्या कोकणाची वाट त्यावर होती. डोंगरातल्या वाडीच्या मागे तेवढा रेटा नसतो. हे कडू आहे, पण मंडळाने ते ओळखूनच पुढचा हिशोब मांडायला हवा.

पाण्याचंही तसंच. आपल्याकडे पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात पोलादपूरच्या वाड्यांना टँकर लागतो. जलजीवन मिशन २०१९ ला जाहीर झालं, २०२४ पर्यंत घरोघरी नळ म्हणून. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती मुदत २०२८ पर्यंत वाढली. ज्या अध्यक्षांनी सरकारी तारीख आपली म्हणून गावाला सांगितली, त्यांचा शब्द फुकट पडला.

मग करायचं काय?

पहिलं, बैठकीत फळ्यावर तीन रकाने आखा. आपल्या हातात काय, कार्यालयाच्या हातात काय, कोणाच्याच हातात काय नाही. पाऊस किती पडेल, हे कोणाच्याच हातात नाही. पुनर्वसनाची फाईल कार्यालयाच्या हातात आहे. पण डोंगरावर भेग पडली का, झाडं कलली का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं का, हे बघणं आपल्या हातात आहे. मोठा पाऊस लागला की कोणत्या घरातल्या म्हाताऱ्याला कोणी उचलायचं आणि शाळेची चावी कोणाकडे, हेही आपल्याच हातात आहे.

दुसरं, तारीख फक्त आपल्या कामाची द्या. "१५ मेपर्यंत रात्रीच्या पहाऱ्याची यादी लावतो," हे सांगा आणि पाळा. सरकारी कामाची तारीख देऊ नका, अवस्था सांगा. अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय, फाईल कोणत्या टेबलावर आहे. माहिती मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "काम झालं नाही, पण फाईल इथे अडकली आहे," हे वाक्य "होईल, होईल" पेक्षा लोकांना जास्त धीर देतं.

तिसरं, वाईट बातमी लपवू नका. प्रस्ताव नामंजूर झाला तर त्याच आठवड्यात ग्रुपवर टाका, सोबत पुढची पायरी लिहा. लोकांना नकार पचतो, फसवणूक पचत नाही.

चौथं, पैशाच्या बाबतीतही तेच. मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि त्यात आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा सांगतो. महाडला एमआयडीसी आहे, तेव्हा मागणी जरूर करा. पण हा पैसा बहुतेक वेळा वर्षापुरताच असतो आणि आपला प्रश्न दहा वर्षांचा आहे. म्हणून गावची पन्नास-शंभर रुपयांची वर्गणी बंद करू नका. पैशापेक्षा त्यातून माणसं बांधलेली राहतात.

पाचवं, पुढाऱ्याने स्वतःला जपलं पाहिजे. रात्री बारा वाजताही फोन उचलणारा एकच माणूस असेल, तर तो एक दिवस बंद पडणारच. सचिव बदलू द्या, बचत गटातल्या ताईंना पहिल्या रांगेत आणा, कॉलेजच्या पोरांकडे कागद द्या. आपण नसताना बैठक झाली, तर ते आपलं यश समजा.

हे सगळं कशासाठी? कारण जुलैच्या एखाद्या रात्री मोबाईलची रेंज गेलेली असते, लाईट नसते, ओढ्याचा आवाज बदललेला असतो. त्या वेळी दारं ठोठावत फिरायला वाडीतलीच माणसं लागतात. मंडळ मोडलेलं असेल, तर ती माणसं कुठून येणार?

तेव्हा येत्या बैठकीत कोणी विचारलं, "अध्यक्ष, कधी होईल?" तर सांगा, "ते मला माहीत नाही. पण या महिन्यात आपण काय करणार आहोत, ते माहीत आहे." आणि मग फळा पुढे ओढा.