मात्रा माणसाची, जीव कुत्र्याचा

१९८२ च्या संपानंतर लोअर परळमधील गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, तेथे मनोरे उभे राहिले आणि मनोऱ्यांतून पाळीव कुत्रीही वाढली. उरलेल्या चाळींतही ती आहेतच. कुत्र्याचे केस गळू लागले किंवा ते मलूल दिसले, की मालकाचा हात घरातल्या औषधांच्या डब्याकडे वळतो. माणसाला मानवते ते मुक्या जनावराला का बाधावे, असा हा भाबडा हिशेब असतो.

ड जीवनसत्त्वाचेच पाहावे. मोठ्या माणसाला डॉक्टर सहसा आठवड्यातून एकदा देतात त्या गोळीत वा पुडीत ६०,००० युनिट असतात. दहा किलोच्या कुत्र्याची रोजची गरज जेमतेम १०० युनिटांच्या आसपास. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळाचा शिधा एकदम पोटात! किलोमागे सुमारे ४,००० युनिटांपासून विषबाधेची लक्षणे संभवतात. येथे ते प्रमाण ६,००० भरते, पाच किलोच्या पॉमेरेनियनच्या बाबतीत १२,०००. जादा ड शरीरात साठून राहते, रक्तातील कॅल्शियम वाढते. उलट्या आणि अतोनात तहान सुरू होते व पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. क जीवनसत्त्व तर कुत्र्याचे यकृत स्वतःच तयार करते. तेवढ्यापुरता कुत्रा माणसाहून स्वावलंबी. काही साखरविरहित, चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल असते. माणसाला ते निरुपद्रवी, पण कुत्र्याची रक्तशर्करा ते झपाट्याने उतरवते.

दोष एकट्या मालकाचा नव्हे. गोळी कोपऱ्यावर मिळते, चिठ्ठी मागितली जातेच असे नाही. पशुवैद्याकडे जायचे तर फी आणि अर्धा दिवस मोडतो. अशा वेळी माणूस स्वस्त वाट धरणारच. परंतु वाचलेल्या फीच्या कित्येक पट रक्कम पुढे सलाइन आणि रक्ततपासण्यांवर जाते, हे त्या हिशेबात कोठेच नसते. परळला तर लांबच्या अंतराचीही सबब नाही: १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय हाकेच्या अंतरावर आहेत. पाकिटावर ‘पाळीव प्राण्यांना देऊ नये’ एवढी ठळक मराठी ओळ छापणे उत्पादकांना जड जाऊ नये. औषध प्रशासनाने ती सक्तीची करावी.

तोवर, कुत्र्याने अशी गोळी खाल्लीच, तर लक्षणांची वाट पाहू नये. रिकामे पाकीट, गोळ्यांची संख्या, खाल्ल्याची वेळ आणि कुत्र्याचे वजन एवढी माहिती घेऊन तत्काळ पशुवैद्य गाठावा. पहिले काही तासच उपयोगाचे असतात.