स्थळ नव्हे, नोकरी!

नागपूरच्या रामदासपेठेत रुग्णालये, निदान केंद्रे आणि कार्यालये दाटीने उभी आहेत. स्वागतकक्षातील किंवा हिशेबनिसाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या तरुणाच्या हाती जो कागद असतो, त्याला घरी 'बायोडाटा' म्हणतात. मराठी मध्यमवर्गात वधूवर सूचक मंडळाकडे पाठवायच्या कागदाचेही नाव तेच. नाव एक झाले आणि पाहता पाहता मजकूरही एक झाला! वडिलांचा हुद्दा, भावंडे, उंची, वैवाहिक स्थिती, क्वचित जातसुद्धा. उमेदवाराला काम कोणते येते, हे मात्र दुसऱ्या पानाच्या तळाशी.

१४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे सेवेसाठी पत्र लिहिले. स्फोर्झाला युद्धाची चिंता होती. म्हणून लिओनार्दोने आधी हलके पूल, तोफा, वेढ्याची साधने मांडली आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. समोरच्याची गरज त्याने ओळखली होती.

आपल्याकडे याच्या उलट घडते. मित्राच्या अर्जातील 'आव्हानात्मक वातावरणात प्रगतीची संधी' छापाचे इंग्रजी वाक्य जसेच्या तसे उतरवले जाते. मुलाखतीत त्याचा अर्थ विचारला की उमेदवार गोंधळतो. पण ज्याने तीन वर्षे वडिलांच्या किराणा दुकानाची उधारीची वही सांभाळली, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब दिला, तो हे लिहीत नाही. त्याला ते कमीपणाचे वाटते. वस्तुतः हिशेबनिसाच्या जागेसाठी त्याच्यापाशी सांगण्यासारखे तेवढेच असते आणि ते पुरेसेही असते. पहिल्या पिढीतील पदवीधराचे सर्वांत मोठे नुकसान होते ते या संकोचानेच. शुद्धलेखनाच्या चुका त्यामानाने किरकोळ. अर्थात, त्याही एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्यायला हरकत नसावी.

नावांचा घोळ वेगळाच. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, अर्जात शेवटी. त्यामुळे एकाच व्यक्तीची दोन नावे कागदोपत्री वावरतात. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. पदवी त्याआधीची असेल तर प्रमाणपत्रावर आहे तेच नाव लिहावे. पडताळणी सोपी जाते.

आणि गुण फुगवण्याचा मोह तर नकोच. १९९९ मध्ये या शहराने विद्यापीठातील गुणवाढीचे प्रकरण पाहिले आहे. ५८ टक्क्यांचे ६० करणाऱ्याची लबाडी मूळ गुणपत्रिका मागताच उघडी पडते; मग ५८ टक्क्यांवर मिळू शकणारी जागाही जाते.

आधार क्रमांक आणि जन्मतारीख अर्जावर छापण्याची सवयही सोडलेली बरी. असा कागद कितीजणांच्या हाती जातो आणि शेवटी कोणत्या रद्दीत पडतो, हे कुणालाच ठाऊक नसते. निवड झाल्यावर ही कागदपत्रे मागितली जातातच. तेव्हा ती द्यावीत.