रस्ता २३ नंबरला लागलाय का?



चौथीच्या परिसर अभ्यासात मी मुलांना 'घर ते शाळा' असा नकाशा काढायला सांगतो. मेडशीतली मुलं अकोला-वाशिम महामार्ग आधी ठळक काढतात. शेतवस्तीवरून येणाऱ्या एका मुलाने मात्र वाट मध्येच सोडून दिली. विचारलं तर म्हणाला, "सर, याच्या पुढं पावसाळ्यात रस्ता रायतच नाही." जुलै-ऑगस्टमध्ये त्याचे इतके खाडे का पडतात, ते मला तेव्हा कळलं. तोवर मी त्याला 'अनियमित' म्हणत होतो. चूक माझी होती.

आपल्याला वाटतं, लोक चालतात तो रस्ता. सरकारी दप्तरात तसं नसतं. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे. यातले शेवटचे दोन साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. ग्रामपंचायतीच्या ताब्यातले रस्ते 'नमुना २३' या नोंदवहीत असतात: कुठून कुठे, लांबी किती, रुंदी किती. म्हणून गावात विचारतात, "रस्ता २३ नंबरला लागलाय का?" नोंद नसेल तर खडीकरणासाठी निधी मागतानाच गाडी अडते.

दुसरा कागद म्हणजे गाव नकाशा. त्यात गाडीरस्ता दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात. नकाशातला रस्ता कोणी नांगरला किंवा अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. शेतात जायला वाटच नसेल, तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून रस्ता मागता येतो.

जमीन जाईल ही शेतकऱ्याची भीती खोटी नाही. दोन एकरवाल्याला दहा फूटही जड जातात. म्हणून खासगी शेतातली वाट त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीनेच नोंदवायला हवी. भांडणाने रस्ता होत नाही, झाला तरी टिकत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हा विषय फक्त सरपंच आणि ग्रामसेवकांचा नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. कोणत्या वाटेवरची किती मुलं पावसाळ्यात किती दिवस घरी राहिली, हे हजेरीपटावरून काढायला एक दुपार पुरते. तो कागद १५ ऑगस्टच्या आसपास होणाऱ्या ग्रामसभेत ठेवा, २३ नंबरची वही पाहायला मागा, रस्ता नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि शिक्षकहो, मुलाला 'अनियमित' म्हणण्याआधी एकदा त्याच्या वाटेने चालून या. पावसाळ्यातच जा.