मालक आखाड्यात उतरतो तेव्हा

बीड जिल्ह्यातील जत्रांत कुस्त्यांचा फड आजही भरतो. हलगी कडाडते, नारळावरच्या कुस्त्यांपासून आरंभ होतो आणि दिवस कलता कलता इनामाची शेवटची कुस्ती लागते. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, त्यामागे याच मातीची परंपरा आहे. या फडात पंच हा कथेतील पात्र नसतो. तो जितका कमी जाणवेल तितका चांगला. म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत एका मल्लाने निर्णयावर संतापून पंचाला लाथ मारली, तेव्हा राज्यभर गहजब झाला.

केबलच्या मार्गाने नव्वदीच्या दशकात खेड्यांत पोचलेल्या अमेरिकन कुस्तीत मात्र अशाच लाथेसाठी लोक तिकीट काढतात. तेथे निकाल आधी ठरलेला असतो, आणि ते सर्वांना ठाऊकही असते. विचार करण्याजोगी गोष्ट ही, की त्या रंगमंचावरचा सर्वांत यशस्वी खलनायक कोणी दांडगा मल्ल नव्हता. तो कंपनीचा खराखुरा मालक, व्हिन्स मॅकमहन होता.

नोव्हेंबर १९९७ मध्ये माँट्रियल येथे ब्रेट हार्ट या विजेत्याला अंधारात ठेवून मॅकमहनने घंटा वाजवायला लावली आणि त्याचे विजेतेपद काढून घेतले. प्रेक्षकांचा जो रोष उसळला, तो या चतुर गृहस्थाने भांडवल म्हणून वापरला. त्याने स्वतःच दुष्ट मालकाची भूमिका घेतली आणि समोर स्टीव्ह ऑस्टिन हा मल्ल उभा केला. हुकूम न मानणारा, बिअर पिणारा, वरिष्ठांना शिव्या हासडणारा हा गडी. एप्रिल १९९८ मध्ये या दोघांची लढत जाहीर झाली, आणि दीड वर्षाहून अधिक काळ पुढे असलेली प्रतिस्पर्धी कंपनी त्याच रात्री प्रेक्षकसंख्येत मागे पडली. याचे कारण मॅकमहनच्या अभिनयात शोधण्यापेक्षा त्याच्या अधिकारात शोधावे. तो कामावरून काढू शकत होता, आणि वरिष्ठापुढे मान तुकवून घरी परतलेल्या प्रत्येक पगारदाराला त्या अधिकाराची चव माहीत होती. दुसरे असे की, ऑस्टिनचा ठोसा त्याला खरोखर बसत असे.

याच कंपनीने २०१३ पासून मालकाची मुलगी व जावई यांची सत्ता रंगविली, तेव्हा गाडी रुतली. नायकाने आठवड्यामागून आठवडे अपमान गिळायचा, हीच कथा. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांची सत्ता एकदाची गेली. पण डिसेंबर संपण्यापूर्वीच ती त्यांना परत मिळाली. जो पडतच नाही त्याचा राग फार काळ टिकत नाही. त्याचा केवळ कंटाळा येतो.

मराठी प्रेक्षकाला हे कळायला अमेरिकेत जाण्याची गरज नव्हती. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात पोचला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेल्या निळू फुले यांनी उभा केलेला हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट आहे. तो ओरडत नाही. दारूच्या आहारी गेलेल्या मास्तरला घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. त्याची दहशत आवाजात नसून कारखान्यात आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक चुलीपर्यंत पोचलेल्या हातात आहे. म्हणून मारुती कांबळेचे काय झाले, हा मास्तरचा साधा प्रश्न त्याला ठोशासारखा लागतो.

पुढे मराठी पडद्यावर पाटलांचे पीक आले. मिशा राहिल्या, फेटा राहिला, तमाशातील बाईकडे पाहणारी नजर राहिली. कारखाना, सोसायटी आणि बँक तेवढी गळाली. सत्तेचे उगमस्थान गेले आणि नुसता स्वभाव उरला. खुद्द निळू फुले यांच्या वाट्याला अशा किती भूमिका आल्या! स्वभावाने दुष्ट असलेल्या माणसाला नायकाने बडवले की प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातो, कारण गावची सोसायटी त्या मारामारीत सापडतच नाही.

दरम्यान बीडमधील सत्तेने वाडा सोडला. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर एक शब्द जिल्ह्यात आणि वृत्तपत्रांत रोजचा झाला: ‘आका’. त्या खटल्यात कोण दोषी हे न्यायालय ठरवील. पण शब्द बोलका आहे. पाटील ओसरीवर दिसत असे. आका म्हणजे मागे असलेला, नाव न घेता ज्याच्याविषयी बोलायचे तो. दिसत नसलेल्याला ठोसा कोठे मारायचा, हा आज पटकथा लिहिणाऱ्यापुढचा खरा पेच आहे.

ऊसतोडणीचा मुकादम घ्या. दसरा-दिवाळीनंतर कोयते बाहेर पडतात, आणि त्याआधी उचल हाती देतो तो मुकादम. शिवी त्यालाच मिळते, अनेकदा रास्तपणे. पण ही रक्कम त्याच्याकडे कारखान्याच्या बाजूने आलेली असते, कोयता पळाला तर तो स्वतः बुडतो आणि पुष्कळदा तो मजुरांच्याच गावचा, त्यांच्याच जातीचा असतो. मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत, असे कारखाना म्हणतो. त्याला खलनायक केले की कथा सोपी होते आणि कारखाना सुटतो.

गंमत अशी की मॅकमहनच्या मल्लांचीही स्थिती याहून फार निराळी नव्हती. कंपनीच्या कागदोपत्री ते नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार. १९८६ मध्ये जेसी व्हेंच्युरा या मल्लाने संघटना उभारण्याचा प्रयत्न केला, तो फसला. मालकाच्या थोबाडीत मारण्याची मुभा होती, किंबहुना त्यासाठीच गर्दी जमत होती आणि गल्ला मालकाकडे जात होता. करार तेवढा तसाच राहिला. जानेवारी २०२४ मध्ये मॅकमहनला पद सोडावे लागले ते एका माजी महिला कर्मचाऱ्याने न्यायालयात केलेल्या गंभीर आरोपांमुळे; कोणा ऑस्टिनच्या ठोशाने नव्हे.

उसाच्या फडातली कथाही ठोशाने संपत नाही. उन्हाळ्यात कोयते गावी परततात, मुकादमाच्या वहीत हिशेब होतो, आणि फिटली नसेल तेवढी उचल पुढच्या हंगामाच्या नावे ओढली जाते.