प्रेरणा भाड्याने मिळत नाही

जून-जुलै उजाडला की नागपुरातील महाविद्यालयांच्या फाटकांवर फलक झळकू लागतात : 'विद्यार्थ्यांसाठी प्रेरणादायी व्याख्यान'. बाहेरगावचा वक्ता येतो, दोन तास सभागृह गाजवितो, टाळ्या घेतो आणि मानधनाचे पाकीट घेऊन रात्रीच्या गाडीने परततो. दुसऱ्या दिवशी वर्गात तीच मुले, तेच बाक आणि मनात तोच प्रश्न : पुढे काय? वार्षिक अहवालात मात्र 'विद्यार्थी मार्गदर्शन' या सदराखाली एका ओळीची भर पडलेली असते. ती ओळ म्हणजे विद्यार्थ्यांची आणि स्वतःचीही फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरुणांना उमेद देणे आणि वाट दाखविणे हे शिक्षकाचे काम आहे. ते व्याख्यात्यावर, खासगी शिकवणी वर्गावर किंवा यंत्रावर सोपविता येत नाही, कारण त्या कामाची पहिली अट ओळख ही आहे. ज्याला मुलाचे नाव ठाऊक नाही, त्याचे घर ठाऊक नाही, त्याला काय जमते आणि तो कशाला भितो हे ठाऊक नाही, तो त्याला वाट दाखविणार तरी कोणती?

ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, त्या शहराला हे सांगावे लागू नये. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज एकटाच वाचत बसलेला असे. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याला पाहिले, त्याची विचारपूस केली. मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता, त्यांच्या जातीचा तर नव्हताच. तरी १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकर गुरुजी त्याच्या अभिनंदनाच्या सभेला गेले आणि स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे घरच्या गरिबीमुळे त्याचे महाविद्यालयीन शिक्षण अडले, तेव्हा त्यांनीच त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे उभे केले व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले ते केवळ त्या एका पुस्तकामुळे घडले, असे म्हणणे बाळबोधपणाचे होईल. पण एका शिक्षकाने एका मुलाकडे लक्ष दिले, त्याला योग्य वेळी योग्य पुस्तक दिले आणि योग्य दारापर्यंत नेऊन पोहोचविले, एवढे निर्विवाद आहे. मार्गदर्शन म्हणतात ते याला. त्यासाठी सभागृह लागले नाही, ध्वनिक्षेपकही लागला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या गावचेच आहे. स्कॉटलंडचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण चांगले ते कोठूनही घ्यावे. त्यांनी येथे शाळा चालविली आणि शाळा चालविता चालविता स्वतः शिकत राहिले : या परिसरातील खडक, त्यांतील जीवाश्म, गोंड बांधवांच्या कथा आणि गीते. १८६३ साली टाकळघाटाजवळील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. वीस वर्षांनी, १८८३ साली, त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात उभे राहिले. ज्याची स्वतःची जिज्ञासा जिवंत आहे, त्याच्या सहवासात विद्यार्थ्याची जिज्ञासा जागी होते. पंधरा वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या टिपणांतून ती जागी होत नाही.

आता आजचे चित्र पाहा. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत नाव महाविद्यालयात आणि मूल शिकवणी वर्गात, हा रिवाज महाराष्ट्रभर रुजला आहे. २०१८ साली राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, तो याच दुखण्यावर. अंगठा हजर आहे की नाही, हे यंत्र सांगेल. मन हजर आहे की नाही, हे कोण सांगणार? शिकवणी वर्ग गुण मिळवून देतो, हे मी नाकारीत नाही. परंतु गुण मिळविणारी मुले त्याच्या जाहिरातीवर झळकतात आणि मागे पडलेली मुले दिसेनाशी होतात. त्या दिसेनाशा झालेल्या मुलांचा वाली कोण, हा माझा प्रश्न आहे.

वरिष्ठ महाविद्यालयांत निराळेच दुखणे आहे. कायम पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर प्राध्यापक नेमले जातात. त्यांना शिकविलेल्या तासाचे पैसे मिळतात. पोट भरण्यासाठी एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावणाऱ्या या माणसाने मुलांसाठी कोणत्या वेळात थांबावे? तो पुढच्या वर्षी तेथे असेल की नाही, हे त्यालाच ठाऊक नसते. ज्या व्यवस्थेने शिक्षकालाच उपरा केले, तिने विद्यार्थ्याला आधार देण्याची भाषा करू नये. हा दोष त्या शिक्षकांचा नाही. शासनाचा आणि संस्थाचालकांचा आहे.

शिवाय कागद आहेतच. 'नॅक'च्या मूल्यांकनात एका मार्गदर्शक शिक्षकामागे किती विद्यार्थी, हे विचारले जाते. प्रश्न उत्तम आहे. पण कित्येक ठिकाणी समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात वह्या भरल्या जातात, एकाच शाईने आणि एकाच हस्ताक्षरात. अखेर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून द्यावी लागली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे त्यांत म्हटले आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. पण न्यायालयाला हे सांगावे लागले, याची शिक्षणसंस्थांना लाज वाटली पाहिजे. आणि समुपदेशक आला म्हणून शिक्षकाची सुटका होत नाही. मूल समुपदेशकाच्या दारापर्यंत जाण्याआधी ते गप्प गप्प झाले आहे, हे कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते.

'वर्गात एकशेवीस मुले, कोणाकोणाकडे पाहणार?' असा आक्षेप घेतला जातो. थोडा हिशेब करू. एकशेवीस मुलांना सहा शिक्षक वाटून घेतील, तर प्रत्येकाकडे वीस येतील. महिन्यातून एकदा प्रत्येकाशी दहा मिनिटे बोलायचे झाले, तर दोनशे मिनिटे होतात. म्हणजे आठवड्याला पन्नास मिनिटे, एक तासिका. ती वेळापत्रकात छापावी, कार्यभारात धरावी आणि तेच वीस विद्यार्थी पदवी मिळेपर्यंत त्याच शिक्षकाकडे ठेवावेत. त्या दहा मिनिटांत उपदेश करू नये. काटोल, सावनेर, उमरेडहून एस.टी.ने येणाऱ्या मुलीला परतीची गाडी किती वाजता मिळते, हे विचारावे. संध्याकाळी दुकानात काम करणारा मुलगा अभ्यासाला कधी बसतो, हे विचारावे. घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले असेल, तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला त्याच्याजवळ बसावे. एका राहिलेल्या दाखल्यापायी महाडीबीटीवरचा अर्ज परत येतो आणि मुलगा शिक्षण सोडून देतो. त्या वेळी पंधरा मिनिटे दिलेला शिक्षक दहा व्याख्यात्यांना भारी ठरतो.

आपल्या कॅथलिक संस्थांनी तर याबाबत कोणतीही सबब सांगू नये. नागपुरात ज्यांच्या नावाने १८७० साली शाळा व १९५६ साली महाविद्यालय सुरू झाले, ते संत फ्रान्सिस डी सेल्स कोणत्या पद्धतीने लोकांना घडवीत? १६०९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भक्तिजीवनावरील विख्यात ग्रंथ, एका संसारी स्त्रीला मार्गदर्शन करण्यासाठी लिहिलेल्या पत्रांतून आणि टिपणांतून आकाराला आला. एका व्यक्तीसाठी मनापासून लिहिले, ते पुढे असंख्यांच्या उपयोगी पडले. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात तर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना, शिक्षण संपल्यानंतरही, सल्ला आणि मैत्री देत राहावे, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. साठ वर्षे उलटून गेली. शाळा सोडल्याचा दाखला हाती दिल्यानंतर आपण किती मुलांची चौकशी केली? उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो, हे आपण वेदीवरून सांगतो. कार्यालयात मात्र आपण त्यांना हजेरी क्रमांकाने ओळखतो.

धर्मग्रामातील आईबापांनाही दोन शब्द. 'किती टक्के पडले?' याखेरीज आपण मुलांना दुसरे काय विचारतो? मुलाला इतिहासाची आवड आहे की यंत्रांची, हे शेजाऱ्याच्या मुलाचा निकाल पाहून ठरविता येत नाही. शुल्क भरले की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या घराने महाविद्यालयाला बोल लावू नये. महाविद्यालयात जावे, मुलाच्या शिक्षकाला भेटावे आणि 'माझ्या मुलाला आपण ओळखता का?' हा एकच प्रश्न नम्रपणे पण ठामपणे विचारावा. पन्नास पालकांनी तो विचारला, तर प्राचार्यांना वेळापत्रकात जागा सापडेल.

आणि धर्मग्रामानेही आपली यादी करावी. दहावीनंतर आपली मुले कोठे गेली, कोण शिकते आहे, कोणी सोडले आणि का सोडले, हे प्रत्येक धर्मगुरूला तोंडपाठ असले पाहिजे. निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतील व रेल्वेतील नोकरदार मंडळी प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांतील प्रत्येकाने दोन मुले आपली मानली, तरी पुष्कळ काम होईल.

तेव्हा संस्थाचालकांनो, यंदाच्या व्याख्यानाचे मानधन वाचवा. त्या पैशांतून दोन गरीब मुलांचे बसचे पास काढा आणि व्याख्यानाच्या त्या दोन तासांत प्रत्येक शिक्षकाला त्याच्या वीस विद्यार्थ्यांबरोबर बसू द्या. व्यासपीठावरून मिळालेली उमेद फाटकापर्यंतही टिकत नाही. 'परवा का आला नाहीस रे?' असे विचारणारा शिक्षक मुलाला आयुष्यभर पुरतो.