ज्ञान जनतेचे, जकातनाका मक्तेदारांचा

आजार गरिबाचा, खाट सरकारी रुग्णालयातली, श्रम निवासी डॉक्टरांचे आणि पैसा करदात्यांचा. परंतु या साऱ्यांतून जे ज्ञान निष्पन्न होते त्यावर ताबा मात्र ॲमस्टरडॅम, लंडन वा न्यूयॉर्क येथील प्रकाशन कंपनीचा. वैद्यकीय संशोधनाची आजची व्यवस्था थोडक्यात ही अशी आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही अन्याय आहे, असे खुद्द संशोधकांनाही वाटेनासे झाले आहे. शोधनिबंध कसा लिहावा, कोणत्या नियतकालिकाकडे धाडावा, परीक्षकांच्या शंकांचे निरसन कसे करावे, यांवर वैद्यकीय महाविद्यालयांतून कार्यशाळा भरतात. निबंध धाडायचा तो कोणाच्या दारी आणि का, हा प्रश्न मात्र तेथे कोणी विचारीत नाही. तो राजकीय प्रश्न आहे आणि म्हणूनच समाजवादी चळवळीने तो ऐरणीवर आणला पाहिजे.

एका शोधनिबंधाचा प्रवास पाहिला म्हणजे शोषणाची ही साखळी कडीकडीने उलगडते. प्रथम रुग्णालयाच्या नीतिसमितीची मान्यता, मग रुग्णांची संमती, केसपेपरांतील नोंदींची जुळणी, संख्याशास्त्रीय हिशेब आणि अखेरीस लेखन. हे काम काही महिन्यांचे, कधी वर्षांचे असते आणि त्याचा खर्च बहुधा सार्वजनिक तिजोरीतून होतो. पुढे निबंध नियतकालिकाकडे सादर होतो. संपादक तो त्या विषयाच्या दोन-तीन जाणकारांकडे परीक्षणासाठी पाठवितात. हे परीक्षक रात्री जागून निबंध तपासतात, चुका दाखवितात, सुधारणा सुचवितात आणि त्याबद्दल बहुधा एक छदामही घेत नाहीत. २०२० या एका वर्षात जगभरच्या परीक्षकांनी अशा कामासाठी १० कोटींहून अधिक तास दिले, असा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलेला आहे. निबंध स्वीकारला गेला की लेखकापुढे दोन वाटा उरतात. एक तर स्वामित्वहक्क प्रकाशकाच्या नावे करून द्यावा आणि मग प्रकाशकाने तोच निबंध ग्रंथालयांना विकावा. अथवा वाचकांना तो विनामूल्य मिळावा म्हणून लेखकाने स्वतः शुल्क भरावे. कच्चा माल फुकट, कारागिरी फुकट, तपासणीही फुकट आणि विक्री मात्र बाजारभावाने! असा धंदा कोणत्या गिरणीमालकाला स्वप्नात तरी साधला असता?

या धंद्याचा पाया दुसऱ्या महायुद्धानंतर घातला गेला. रॉबर्ट मॅक्सवेल याने १९५१ साली ताब्यात घेतलेल्या पर्गमॉन प्रेसने शास्त्रीय नियतकालिकांच्या प्रकाशनाचे रूपांतर अमाप नफ्याच्या उद्योगात केले. हाच मॅक्सवेल १९६४ ते १९७० या काळात ब्रिटनच्या मजूर पक्षाचा खासदार होता, ही गोष्ट जगभरच्या समाजवाद्यांनी विसरू नये. १९९१ साली त्याने पर्गमॉन एल्सव्हियर कंपनीला विकली. त्याच वर्षी तो मरण पावला आणि आपल्या कंपन्यांतील कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीवर त्याने डल्ला मारला होता, हे मागाहून उघडकीस आले. एल्सव्हियर ज्या समूहाचा भाग आहे त्याच्या शास्त्रीय, तांत्रिक व वैद्यकीय विभागाचे २०२३ सालचे उत्पन्न ३ अब्ज पौंडांहून अधिक होते आणि त्यावरील नफ्याचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. फुकटच्या श्रमावर उभ्या असलेल्या उद्योगाचा नफा एवढा असावा, यात नवल ते काय?

दुसरी वाट, म्हणजे लेखकाने शुल्क भरण्याची, ही सुधारणा म्हणून पुढे आली. ज्ञान सर्वांना खुले असावे, ही मूळ मागणी न्याय्यच होती. परंतु भांडवलाने तिचाही व्यापार केला. पूर्वी वाचकाला अडविणारा नाका आता लेखकाला अडवू लागला, इतकेच. ‘नेचर’ समूहाने जानेवारी २०२१ पासून आपल्या प्रमुख नियतकालिकांत ही सोय दिली, त्यांत ‘नेचर मेडिसिन’ही होते. शुल्क ठरले ९,५०० युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक. ज्या जिल्हा रुग्णालयात क्षयरोगाच्या औषधांचा साठा मध्येच संपतो, तेथील डॉक्टराने ही रक्कम कोठून आणावी?

या व्यवस्थेचे समर्थक सांगतात की नियतकालिके ही गुणवत्तेची पहारेकरी आहेत आणि पहाऱ्याला पैसा लागतो. गुणवत्तेची कसोटी हवी, याबद्दल दुमत नाही. चुकीच्या निबंधाने रुग्णाचा जीव जाऊ शकतो. पण हा पहारा परीक्षक करतात, भागधारक नव्हेत. आणि पैशापुढे पहारा कसा ढिला पडतो याचे दाखले जगजाहीर आहेत. व्हायॉक्स या वेदनाशामकाची भलामण करणारा निबंध २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. औषध बनविणाऱ्या मर्क कंपनीने त्याच्या सुमारे ९ लाख प्रती विकत घेतल्या. २००४ साली हृदयविकाराच्या धोक्यामुळे ते औषध बाजारातून काढून घ्यावे लागले आणि निबंधात हृदयविकाराचे तीन झटके नोंदविलेच गेले नव्हते, हे त्याच नियतकालिकाला डिसेंबर २००५ मध्ये जाहीर करावे लागले. याच मर्कच्या पैशाने एल्सव्हियरच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने नियतकालिकासारखे दिसणारे, पण वस्तुतः जाहिरातवजा असलेले एक प्रकाशन काही काळ चालविले. ते २००९ साली उघडकीस आल्यावर कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. पहारेकरीच दरोडेखोराकडून बिदागी घेत असेल, तर घरमालकाने स्वस्थ कसे झोपावे?

भारतात या साऱ्यावर सरकारी हुकमाची भर पडली. वैद्यकीय महाविद्यालयांतील शिक्षकांच्या पदोन्नतीला भारतीय वैद्यक परिषदेने प्रसिद्ध शोधनिबंधांची अट घातली. २०२० साली परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली, तरी अट उरलीच. संशोधनासाठी वेळ नाही, निधी नाही, मदतनीस नाहीत. निबंध मात्र हवेत. २००५ ते २०१४ या दशकात देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही निबंध प्रसिद्ध झाला नव्हता, असे २०१६ सालच्या एका पाहणीत दिसून आले. जमीन नांगरायला बैल द्यायचा नाही आणि पिकाचा सारा मात्र वसूल करायचा, अशातला हा प्रकार आहे. त्याचे फळ ठरलेलेच होते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस नियतकालिकांचे पीक आले. २०१७ साली अशा संशयास्पद नियतकालिकांतील सुमारे १,९०० जैववैद्यकीय निबंध तपासले गेले, तेव्हा पत्रव्यवहाराची जबाबदारी घेणाऱ्या लेखकांपैकी २७ टक्के भारतातले निघाले. हैदराबादच्या ओमिक्स समूहाला तर लेखकांची फसवणूक केल्याबद्दल २०१९ साली अमेरिकेच्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. बड्या मक्तेदाराचा नाका आणि भुरट्या दलालाचे दुकान ही एकाच व्यवस्थेची दोन अपत्ये आहेत.

निबंधाच्या शिरोभागी कोणाची नावे येतात, हाही वर्गीय प्रश्नच आहे. १९७८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे काही वैद्यकीय संपादक जमले आणि निबंधांच्या मांडणीचे समान नियम त्यांनी ठरविले. दर नियतकालिकासाठी तोच मजकूर पुन्हा टंकित करण्याचा लेखकांचा त्रास वाचावा, हा हेतू चांगला होता. याच गटाच्या आजच्या नियमांनुसार केवळ निधी मिळविला वा वरून देखरेख केली म्हणून कोणी लेखक ठरत नाही. आणि ज्यांनी प्रत्यक्ष कामात मोलाचा वाटा उचलला त्यांना लेखनात सहभागाची संधी देणे अपेक्षित आहे. व्यवहारात मात्र विभागप्रमुखाचे नाव बिनबोभाट छापले जाते आणि घरोघर फिरून नोंदी करणाऱ्या परिचारिकेची वा आशा कार्यकर्तीची बोळवण आभाराच्या एका ओळीत होते.

या उपेक्षित श्रमाचे मोल किती, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटविता येतात, असे त्यात दाखविले होते. पुढे २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत अशीच योजना देशभर आणली. नीट तयार केलेला निबंध झोपडीतले बाळ वाचवू शकतो, तो असा. म्हणूनच निबंध प्रसिद्ध करण्याची सत्ता खासगी कंपन्यांच्या हाती ठेवणे परवडणारे नाही. ‘लॅन्सेट’ १९९१ पासून एल्सव्हियरच्या मालकीचे आहे.

सरकारने यावर काय उपाय योजला? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके. ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. आडगावच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला यामुळे निबंध वाचता येतील, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण हा नाका मोडण्याचा मार्ग नव्हे; सर्वांच्या वतीने सरकारने एकरकमी जकात भरली, एवढाच त्याचा अर्थ. २०२७ नंतर प्रकाशकांनी दर वाढविले तर सरकार काय करणार? संस्थेबाहेरचा खेड्यातला डॉक्टर, कामगार संघटनेचा आरोग्य कार्यकर्ता, स्वतः रुग्ण, हे तर नाक्याबाहेरच राहिले. आणि त्यांच्यापैकी अनेकांचा आधार असलेले ‘साय-हब’ संकेतस्थळ प्रकाशकांच्या दाव्यावरून ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने देशात बंद झाले.

पर्याय अव्यवहार्य आहे, असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाने व के. ई. एम. रुग्णालयाने १९५५ साली सुरू केलेले ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ कित्येक वर्षे लेखकाकडून शुल्क न घेता आणि वाचकाला मोफत उपलब्ध होऊन चालले. ब्राझीलमध्ये सार्वजनिक निधीतून उभे राहिलेले ‘सायेलो’ १९९० च्या दशकाअखेरीपासून लॅटिन अमेरिकेची नियतकालिके जगाला खुली करीत आले आहे. उलट मुंबईतच वाढलेली मेडनो ही प्रकाशन संस्था २०११ साली वोल्टर्स क्लुव्हर या बहुराष्ट्रीय कंपनीने गिळंकृत केली. सार्वजनिक मालकीची तटबंदी नसेल तर देशी रोपटे परक्याच्या कुंपणात कसे जाते, याचा हा धडा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा प्रत्येक निबंध सार्वजनिक भांडारात तत्काळ खुला झाला पाहिजे. केंद्राच्या दोन विज्ञान विभागांनी २०१४ साली असे धोरण जाहीर केले होते, ते कागदावरून खाली उतरले पाहिजे. वर्गणीच्या ६,००० कोटींतला भरीव वाटा सरकारी संस्थांच्या विनाशुल्क नियतकालिकांना मिळाला पाहिजे. पदोन्नतीसाठी निबंधांची मोजदाद बंद होऊन कामाचा कस पाहिला गेला पाहिजे. क्षेत्रीय कार्यकर्त्यांना लेखकपदाचा हक्क मिळाला पाहिजे आणि निबंधाचा सारांश रुग्णाच्या भाषेत, महाराष्ट्रात मराठीत, प्रसिद्ध झाला पाहिजे.

निवासी डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या आणि आशा कार्यकर्त्यांच्या संघटना वेतनासाठी लढतात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या मागणीपत्रात आता त्यांच्या श्रमातून निर्माण झालेल्या ज्ञानाच्या मालकीचेही एक कलम आले पाहिजे. ते कलम तेथे घालणे हे पक्षकार्यकर्त्यांचे काम आहे.